वेड, लग्न आणि कर्नल थ्रेड

"लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही." डेडलॉकची याहून सोपी व्याख्या मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत मिळाली नाही :) लिनक्स कर्नलमध्ये हे त्रांगडं सुटायला २००९ ते २०२२ अशी तेरा वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात झाली घाईतून. बूट होताना कर्नल ड्रायव्हर्सचं इनिशियलायझेशन एकामागून एक करायचा. एखादी डिस्क उत्तर द्यायला वेळ लावत असली, की मागचे सगळे रेशनच्या रांगेत उभे! २००९ साली कर्नल २.६.२९ मध्ये आर्यन व्हॅन डी व्हेनचा असिंक कोड आला. कल्पना साधी: वेळखाऊ काम वेगळ्या कर्नल थ्रेडला द्या आणि पुढे चला.

पण पुढे म्हणजे किती पुढे? मॉड्यूल लोड झालं म्हणून मॉडप्रोब परत यायचा, आणि थ्रेड मात्र अजून डिव्हाइस शोधतच असायचा. एसीपीआय बॅटरीच्या ड्रायव्हरमध्ये तर कर्नलने इनिशियलायझेशनची मेमरी मोकळी केली आणि थ्रेड अजून तिथलाच कोड चालवत होता. म्हणून एप्रिल २००९ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने नियम घातला: मॉड्यूल लोड होताना शेवटी सगळी असिंक कामं संपेपर्यंत थांबायचं. 'सगळी' म्हणजे फक्त स्वतःची नव्हे, अख्ख्या सिस्टिममधली. मेख इथेच होती.

जानेवारी २०१३ मध्ये तक्रार आली, की यूएसबी डिव्हाइस काढून परत लावलं तर ओळखलं जात नाही, आणि हबचा थ्रेड १२० सेकंदांपेक्षा जास्त ब्लॉक आहे. झालं होतं असं: असिंक थ्रेडला डिस्क सापडली. तिला आयओ शेड्यूलर हवा, तो मॉड्यूल म्हणून बिल्ड केलेला. थ्रेडने तो मागवला आणि वाट बघत बसला. शेड्यूलर लोड झाला, पण नियमाप्रमाणे सगळी असिंक कामं संपायची वाट बघू लागला. त्यात हाच थ्रेड! झालं, वेड आणि लग्न.

तेजुन हिओने दोन उपाय केले. एक, ज्या टास्कने असिंक काम लावलंय त्यावर खूण करायची आणि खूण असेल तरच थांबायचं. दोन, डिस्क सापडल्यावर शेड्यूलर मागवायचाच नाही, तो बूटच्या वेळी आधीच लोड करायचा. शिवाय असिंक थ्रेडने मॉड्यूल मागवून वाट बघितली तर कर्नल वॉर्निंग देणार.

पहिला उपाय हुशारीचा होता, पण टिकला नाही. कधीकधी प्रोबिंग तिसराच वर्कर थ्रेड करतो. मग खूण त्याच्यावर पडते आणि मॉडप्रोब न थांबता परततो, म्हणजे परत २००९ चंच दुखणं. २०२२ मध्ये ती खूण काढून टाकली. स्वतःहून असिंक प्रोबिंग मागणारी मॉड्यूल्स सोडली, तर बाकीच्यांना पुन्हा सरसकट थांबणं आलं. आणि हे आता चालतं, कारण दुसऱ्या उपायाने वर्तुळच तोडलंय.

मला यातून एवढंच कळतं: काम थ्रेडवर टाकलं म्हणून वाट बघणं संपत नाही, फक्त दुसरीकडे जातं. ड्रायव्हर लिहिताना काम कुठे टाकायचं हे ठरवण्याआधी कागदावर बाण काढावेत, कोण कोणासाठी थांबलंय ते. बाण फिरून परत पहिल्यापाशी आला, तर थ्रेड कितीही वाढवा, उपयोग शून्य.

असो. पुढचा वीकेंड, पुढचा विषय!