पर्णविन्यासाचे मापन
खोडावरील पानांच्या किंवा फुलोऱ्यातील पुष्पकांच्या मांडणीतील नियमितपणा कोन व संख्या यांच्या साहाय्याने ठरविणे. परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत शेजारीशेजारी उभी असलेली पिके या दृष्टीने परस्परांहून भिन्न आहेत. ज्वारीची पाने समोरासमोर दोन उभ्या रांगांत येतात. लागोपाठच्या दोन पानांतील कोन १८०° असतो. अमेरिकन जातीच्या कापसाच्या मुख्य खोडावर ती सर्पिल क्रमाने येतात. तीन वेढ्यांत आठ पाने होऊन नववे पान पहिल्याच्या वर आल्यासारखे दिसते, म्हणून हा विन्यास ३/८ असा लिहितात. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) या दोन्ही पिकांवर संशोधन होते.

शार्ल बॉने यांनी १७५४ मध्ये पानांच्या मांडणीचे प्रकार वर्णिले. पुढे १८३० च्या सुमारास के. एफ. शिंपर व आलेक्झांडर ब्राउन यांनी १/२, १/३, २/५, ३/८ असे अपूर्णांक रूढ केले. त्यांतील अंश व छेद ज्या मालेतील आहेत तिला फिबोनाची (१२०२) यांचे नाव मिळाले, तथापि मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना विरहांक व हेमचंद्र (सु. ११५०) यांनी ती आधीच दिली होती, हे पाश्चात्त्य ग्रंथांत दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

ब्राव्हे बंधूंनी १८३७ मध्ये अपूर्णांकांवरच आक्षेप घेतला. त्यांच्या मते खरा कोन सर्वत्र एकच, सु. १३७.५°, असून अपूर्णांक हे त्याचे स्थूल रूप होय. कापसाच्या ३/८ विन्यासात कोन १३५° येतो. फरक अडीच अंशांचाच. परंतु आठ पानांनंतर तो २०° होतो व नववे पान पहिल्याच्या बरोबर वर न येता तेवढे बाजूला सरकते. खोडाला थोडा पीळ बसला, तरी हा फरक झाकला जातो. त्यामुळे एखाद्या झाडावरून वादाचा निर्णय लागणे कठीण होते.

फुलोऱ्यातील सर्पिल रांगा मोजण्यात ही अडचण नाही, कारण पिळाने रांगांची संख्या बदलत नाही. सूर्यफुलाच्या स्तबकावर एका दिशेने ३४ व दुसऱ्या दिशेने ५५ रांगा पुष्कळदा आढळतात. ॲलन ट्यूरिंग यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत (मृत्यू १९५४) हा प्रश्न गणिताने हाताळला. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २०१२ मध्ये मँचेस्टर येथून नागरिकांच्या मदतीने सूर्यफुले मोजण्यात आली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ७६८ गणनांपैकी ५६५ मालेतील संख्या होत्या. उरलेल्यांतही काहींत संबंधित मालांतील संख्या होत्या, पण सर्वच तशा नव्हत्या. पाठ्यपुस्तकांत अपवादरहित म्हणून सांगितला जाणारा हा नियम वस्तुतः प्रबळ प्रवृत्ती आहे.

नवे पान सर्वांत मोकळ्या जागी उगवते, असे होफमाइस्टर यांनी १८६८ मध्ये सुचविले होते. दुआदी व कूदेर यांनी १९९२ मध्ये परस्परांना दूर लोटणारे चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने सोडून पाहिले. थेंब सावकाश सोडता ते ज्वारीच्या पानांप्रमाणे समोरासमोर गेले. वेग वाढविताच कोन १३७.५° कडे झुकला. वनस्पतीत जागा ठरविण्याचे काम ऑक्सिन हे वृद्धिप्रेरक द्रव्य करते, हे २००३ च्या प्रयोगांत दिसून आले. ते प्रयोग मोहरीच्या कुलातील ॲरॅबिडॉप्सिस या लहान वनस्पतीवर झालेले असल्याने ज्वारी वा कापूस यांना जसेच्या तसे लागू करता येतीलच, असे नाही.