तळटीप : ‘तुरळक ठिकाणी, मेघगर्जनेसह’

१२. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी वारे’ : ही ओळ हवामान खात्याच्या ठरीव भाषेतली आहे, लेखकाला वाटते तितकी ती मोघम नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हटले की २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. हिशेब सबंध विदर्भाचा असतो. त्यामुळे नागपूर कोरडे राहून काटोलला गारा पडल्या तरी अंदाज खरा. (वृत्तपत्रे मात्र ‘विदर्भाला झोडपणार’ असा मथळा देऊन मोकळी होतात.)

लेखक पुढे ‘चक्रीवादळ’ म्हणतो ते सैल आहे. समुद्रावर तयार झालेल्या आणि ताशी ६२ किलोमीटर किंवा अधिक वेगाचे वारे असलेल्या प्रणालीलाच ते नाव मिळते. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी जे सुटते ते निराळे : तापलेल्या जमिनीवरची हवा झपाट्याने वर चढते, समुद्राकडून आलेले बाष्प तिला मिळते आणि ढग उभे राहतात. बहुधा तासाभरात सारे आटोपते. संत्रा बागायतदाराला त्याहून धास्ती फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीची. तेव्हा मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात आणि आंबिया बहाराचा फुलोराही झाडावर असतो. एका माऱ्यात दोन्ही जातात. प्रस्तुत उल्लेख २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीचा. — संपा.