रोल कुठे ठेवायचा?

आईचा एकमेव परदेशप्रवास २००३ सालचा. बहिणीकडे अमेरिकेत आम्ही महिनाभर राहिलो आणि मी छत्तीस फोटोंचे चार रोल काढले. परतल्यावर ते धुवायला दिले, तेव्हा त्यांतल्या दोन रोलांवर बोटभर रुंदीचा, मऊ कडांचा एक नागमोडी पट्टा उमटलेला निघाला. निगेटिव्हवर काळसर, कागदावर पांढुरका. नायगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्यावरूनच तो गेला होता.

निघताना एका काकांनी बजावले होते, "रोल हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, ती मशीनमधून जाते. मोठ्या बॅगेत तळाशी घाल." काका पंचाहत्तर ते ऐंशीच्या काळात बरेच हिंडलेले. त्यांचा सल्ला चुकीचा नव्हता, फक्त शिळा झाला होता. तो केव्हा शिळा झाला, याचा मी पुढे शोध घेतला.

फिल्मचा यात दोष नाही. क्ष-किरणांची आणि तिची ओळख जन्मापासूनची आहे. रॉन्टगेनला हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले आणि २२ डिसेंबरला पत्नीच्या हाताची हाडे त्याने फोटोच्या काचेवरच टिपली. दुसऱ्या वर्षी पॅरिसला बेकरेलने काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेवर युरेनियमचे क्षार ठेवले, तर काच अंधारातही काळवंडली. किरणोत्साराचा शोध लागला तो असा. चांदीच्या क्षारांचे कण उजेड आणि क्ष-किरण असा भेद करत नाहीत. फिल्म जितकी वेगवान तितकी ती या किरणांनाही हळवी. आणि एकदा बसलेला मार पुसला जात नाही, पुढच्या माराची त्यात भर पडते.

विमानतळावर हे किरण आले ते अपहरणांमुळे. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगा मात्र बहुतेक ठिकाणी तशाच चढत. काकांचा सल्ला या काळातला.

मग २३ जून १९८५ उजाडला. एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. बॉम्ब सामानातल्या बॅगेत होता. त्या उड्डाणाच्या बॅगा टोरांटोला तपासत असताना क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले होते. १९८८च्या डिसेंबरात लॉकरबीवर २७० बळी गेले. तिथेही स्फोटके एका सूटकेसमध्ये, रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये दडवलेली. आता संशयाची नजर हातातल्या पिशवीवरून विमानाच्या पोटाकडे वळली.

डिसेंबर १९९४मध्ये अमेरिकेने 'सीटीएक्स ५०००' या यंत्राला मान्यता दिली. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचेच हे भावंड. संशयास्पद दिसेल त्या जागी ते अरुंद पण तीव्र झोत टाकते. गुंडाळलेल्या रोलवरून सरळ गेलेला हा झोत फिल्म उलगडली की लाटेसारखा दिसतो. न धुतलेली फिल्म मोठ्या बॅगेत ठेवू नका, असे 'कोडॅक'ने बजावले. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या कायद्याने २००२ अखेरपर्यंत अमेरिकेत अशी प्रत्येक बॅग यंत्राने तपासायचे ठरले. आम्ही गेलो ते त्याच्या दुसऱ्याच वर्षी.

शिशाच्या पिशवीचाही फारसा आधार नाही. पडद्यावर ती काळा ठिपका होऊन दिसते आणि तपासनिसाचे कुतूहल वाढवते. त्यावेळी रोल हातातल्या पिशवीत ठेवायला हवे होते. आज तोही उपाय पुरत नाही, कारण सीटीची यंत्रे हातातल्या सामानासाठीही बसू लागली आहेत. राहिले दोनच मार्ग: रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवायचे आणि हाताने तपासण्याची विनंती करायची (अमेरिकेत तशी मुभा आहे, सगळीकडे ती मिळतेच असे नाही), नाहीतर परतण्याआधी तिथेच रोल धुऊन घ्यायचे. धुतलेल्या फिल्मला क्ष-किरणांचे भय नाही.

कनिष्कची हकिकत वाचल्यापासून त्या यंत्रावर रागावणे मला जमलेले नाही. नायगाऱ्याचा फोटो हातात घेऊन आईने विचारले होते, "धुकं होतं का रे तेव्हा?" मी हो म्हणालो.