आमचं सरकार डोंगरावर

आमच्या बाळापूरला डोंगर नाही. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर एलिचपूरच्या नवाबाने, इस्माईलखानाने, 1757 मध्ये पूर्ण केलेला भुईकोट आहे, त्याच्या बुरुजावरून दिसते ती काळीभोर सपाटी. पण अकबराच्या काळी, 'ऐन-ए-अकबरी'त, बाळापूर परगणा नरनाळा सरकारात, म्हणजे नरनाळा किल्ल्याच्या नावाच्या मोठ्या महसुली विभागात, मोडत होता. म्हणजे आमचा कारभार सातपुड्याच्या कड्यावरून चालायचा! हे वाचलं आणि माझं कुतूहल काही स्वस्थ बसेना.

एका हिवाळ्यात अकोला, अकोट करत शहानूरला पोचलो. तिथून नरनाळ्याचा चढ. सोबतच्या गावकऱ्याने सुरुवातीलाच बजावलं, "वर नोको पाहू भाऊ, पायाखाली पाह्य." ऐकलं नाही, म्हणून दोनदा घसरलो.

महाकाली दरवाजापाशी मात्र पाय आपोआप थबकले. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला याच्या काळातला, 1487 चा. दगडात कोरलेली कमळं, वर अरबी-फारसी लेख. किल्ल्याला वेढा पडला तर सैन्य प्यायचं काय, याचं उत्तर माथ्यावर मिळतं: पावसाचं पाणी अडवणारे तलाव, त्यांत सगळ्यात मोठा शक्कर तलाव. बुरुजाच्या कडेला उभं राहिलं की मागे तळ्याचं पाणी, पुढे मेळघाटची रानं, आणि दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली कपाशीची रानं धुक्यात विरत जाणारी.

बाळापूर दिसतं का, म्हणून बराच वेळ डोळे ताणले. गावकरी हसला, म्हणाला, "चष्मा पूस."