न वटलेला चेक

मागच्या महिन्यात बाबांची लोखंडी पेटी आवरायला काढली. (काकू, वाचत असशील तर तीच पेटी, जिच्यावर बसल्याबद्दल मी मार खाल्ला होता.) तळाशी एका गंजलेल्या टाचणीत दोन कागद सापडले. एक चेक, १९८७ सालचा, साडेआठ हजारांचा. दुसरा बँकेचा मेमो, त्यावर 'रेफर टू ड्रॉवर' समोर खूण. म्हणजे 'चेक देणाऱ्यालाच विचारा'. खात्यात पैसे नाहीत हे सांगायची बँकेची ही सभ्य पद्धत.

बाबांचं तेव्हा लेथचं छोटंसं वर्कशॉप होतं. साडेआठ हजार म्हणजे दोन कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार. बाबा पोलीस चौकीत गेले तर उत्तर मिळालं, "हा दिवाणी मामला आहे, दावा लावा." लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो आणि पोलीस टाळाटाळ करत होते असंच समजत होतो. आता थोडं वाचल्यावर कळतंय की त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

चेकचा कायदा १८८१ सालचा, इंग्रजांनी केलेला. चेक परत आला तर पैशांची जबाबदारी कोणाकोणावर, हे त्यात सविस्तर होतं. तुरुंग मात्र नव्हता. फौजदारी करायची तर तेव्हाच्या दंडविधानाचं कलम ४२० होतं, पण त्यासाठी चेक देतानाच फसवायचा इरादा होता हे सिद्ध करावं लागे. "पैसे येतील असं वाटलं होतं हो" एवढं म्हटलं की संपलं!

त्याच कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्यांना मात्र आपापल्या रिवाजावर सोडून दिलं होतं. आणि हुंडीवाल्यांचा रिवाज मोठा शहाणा होता. हुंडी पटली नाही तर काय, याची सोय आधीच केलेली असे. सोबत 'जिकरी चिठ्ठी' देत, त्या गावातल्या दुसऱ्या एखाद्या पतवाल्याच्या नावाने: यांनी नाकारली तर तुम्ही पैसे द्या, आमची अब्रू राखा. हुंडी हरवली तर 'पैठ', तीही हरवली तर 'परपैठ'. सगळं पेठेतल्या नावावर चाललेलं. दिवाळं हा शब्दही दिव्यावरून आला म्हणतात. बुडालेला सावकार भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे. 'वटणे' हा आपला शब्दही सराफकट्ट्यावरचाच, चेकने तो आयता उचलला. शब्द आला, पण जिकरी चिठ्ठी राहून गेली. बाबांना चेक देणारा परगावचा होता. त्याला आमच्या गल्लीत कसली लाज!

१९८८ साली संसदेने दुरुस्ती केली आणि १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झालं. लोकांनी चेक बिनधास्त घ्यावेत हा हेतू. खात्यात पैसे नसल्याने चेक परत आला, रीतसर नोटीस दिली आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर तो गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २००२ च्या दुरुस्तीने कैद दोन वर्षांवर नेली. बाबांचा चेक दोन वर्षं आधीचा. मागच्या तारखेने गुन्हा ठरवता येत नाही, त्यामुळे त्यांना याचा काडीचा उपयोग नव्हता.

पण या कायद्याची दुसरी बाजूही घरातच पाहिली. आमच्या नात्यातल्या एकाने (नाव घेत नाही, घरचे ओळखतील) २००६ मध्ये एका खाजगी सावकाराकडून पन्नास हजार घेतले आणि तारण म्हणून सही केलेले पाच कोरे चेक दिले. बरेच पैसे फेडले. शेवटचे दोन हप्ते थकले तेव्हा सावकाराने एका चेकवर तीन लाख लिहून तो बँकेत टाकला. चेक देण्यामागे देणं होतं असं कलम १३९ प्रमाणे कोर्ट गृहीत धरतं, नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. फेडीच्या पावत्या कुठे होत्या? सहा वर्षं तारखा झाल्या, मग तडजोड. बाबा दोन-तीनदा सोबत गेले होते. घरी येऊन म्हणाले, "मला हवा होता तेव्हा हा कायदा नव्हता, आणि आता आलाय तो भलत्याच्याच हातात."

बाबांचं सगळं म्हणणं मला पटत नाही. बुडवणारे पुष्कळ असतात, आणि छोट्या धंदेवाल्याला दुसरा कसला धाक? पण २०१९ अखेर अशा ३५ लाखांहून जास्त केसेस देशभरात पडून होत्या. धाक दोन्ही बाजूंचा गेलेला.

असो. तो मेमो उलटून पाहिला तर मागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने हिशोब आहे. दोन कामगारांची नावं, पुढे आकडे, 'दिले'. आणि सगळ्यात वर: 'पाटल्या २ – ६,२००'.

आईच्या हातात पाटल्या का नाहीत हे मी कधी विचारलंच नव्हतं.