दोन डबे, एक पातेलं : पर्लमधल्या ॲरेची गोष्ट

२००३ सालची गोष्ट. नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. पुण्यातल्या ऑफिसात मला एक काम मिळालं : रोज रात्री चालणारी एक पर्ल स्क्रिप्ट लिहायची. काम साधंच होतं. कालच्या ग्राहकांची यादी घ्यायची, आजची यादी घ्यायची, आणि जे काल होते पण आज नाहीत त्यांची नावं एका फाइलमध्ये काढायची. त्या फाइलमधल्या लोकांची खाती दुसऱ्या दिवशी सकाळी बंद होणार.

मी एक सबरूटीन लिहिलं. त्याला हाक मारायची ती अशी : `फरक(@काल, @आज);` आणि आतली पहिलीच ओळ : `(@काल, @आज) = @_;`

(फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे असं सांगितलं की पर्ल देवनागरी नावंही चालवून घेतं, म्हणून इथे ती वापरतोय. तेव्हा अर्थातच रोमन नावं होती. आणि वाचायला सोपं जावं म्हणून 'माय' वगैरे शब्द गाळलेत.)

एरर नाही, वॉर्निंग नाही. मी खुशीत घरी. रात्री स्क्रिप्ट चालली आणि फाइलमध्ये एकूण एक ग्राहक आले! नशीब आमचं, आमचा टीम लीड सकाळी लवकर येणाऱ्यांपैकी होता. त्याने फाइलची साइज बघितली आणि पुढचं काम थांबवलं. मी पोचल्यावर मला कोड उघडायला लावला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "अरे, दोन डबे एकाच पातेल्यात ओतलेस तू. आता आमटी कुठली आणि भाजी कुठली, कसं कळणार?"

पर्ल ज्यांनी वापरलंय ते एव्हाना हसले असतील. ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी : पर्लमध्ये सबरूटीनला दोन ॲरे दिले की ते सपाट होतात. दोन्हींतले सगळे घटक एका लांबलचक लिस्टमध्ये एकापाठोपाठ उभे राहतात आणि ती लिस्ट `@_` नावाच्या ॲरेमधून आत जाते. आत गेल्यावर पहिला ॲरे सगळंच्या सगळं खाऊन टाकतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणजे माझ्या स्क्रिप्टच्या मते 'आज' एकही ग्राहक शिल्लक नव्हता. मग सगळ्यांचीच खाती बंद, दुसरं काय!

चूक माझीच होती, ते मान्य. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. एवढ्या हुशार भाषेत असं का असावं? त्याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

लॅरी वॉलने पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ ला प्रसिद्ध केली. त्या काळी युनिक्सवर छोटी कामं करायची दोन मुख्य हत्यारं म्हणजे शेल आणि ऑक. बॉर्न शेल १९७९ च्या सातव्या युनिक्सबरोबर आलं. त्यात ॲरे नव्हतेच. स्क्रिप्टला मिळायची ती शब्दांची एक रांग : पहिला, दुसरा, तिसरा... आणि सगळे एकत्र हवे असतील तर `$@`. हे चिन्ह आणि पर्लचं `@_` शेजारी ठेवून बघा, घराणं लगेच ओळखू येतं.

ऑक मात्र वेगळं होतं. १९८५ च्या नव्या ऑकमध्ये स्वतःची फंक्शन्स लिहायची सोय आली, आणि त्यात साधी व्हॅल्यू दिली तर तिची कॉपी जायची, ॲरे दिला तर मूळ ॲरेच हाती यायचा. म्हणजे ॲरे अख्खाच्या अख्खा आत पाठवायची कल्पना पर्लच्या आधीच शेजारच्या घरात नांदत होती!

मग पर्लने ती का नाही उचलली? याचं कारण पर्लच्या मूळ रचनेत दिसतं. सुरुवातीच्या पर्लमध्ये ॲरेच्या पोटात फक्त स्केलर राहू शकत, म्हणजे एक आकडा किंवा एक स्ट्रिंग. ॲरेच्या आत ॲरे ही गोष्टच नव्हती. आणि सबरूटीनला मिळणारी लिस्ट हाही शेवटी एक ॲरेच. मग त्यात दुसरा अख्खा ॲरे ठेवणार कुठे? तो सुटा करून त्याचे घटकच ओतावे लागणार.

आणि खरं सांगायचं तर हे सोयीचंही होतं. छापायचं असेल, जोडायचं असेल, ॲरेच्या शेपटीला काही चिकटवायचं असेल, तर दोन ॲरे, मध्ये एक स्ट्रिंग, पुढे एक आकडा, असं हवं ते एका ओळीत लिहा. पर्लला सगळं सारखंच. लॉग चाळून रिपोर्ट काढणाऱ्या पन्नास ओळींच्या स्क्रिप्टला याहून जास्त काय हवं?

याच `@_` ची आणखी एक गंमत आहे. त्यातले घटक म्हणजे कॉपी नव्हे, मूळ व्हेरिएबलचीच दुसरी नावं. आत `@_` मधला घटक बदलला की बाहेरचं मूळही बदलतं. ही भानगड फोर्ट्रानइतकी जुनी आहे. १९५८ च्या फोर्ट्रान-२ मध्ये सबरूटीन्स आली, आणि तेव्हाचे कंपायलर सहसा व्हेरिएबलचा पत्ताच आत पाठवायचे. त्यामुळे चुकून ४ हा आकडाच पाठवला आणि आत त्यात एक मिळवला, तर पुढच्या प्रोग्रॅममध्ये ४ चे ५ होऊन बसायची शक्यता असायची. पर्ल निदान इतकं भोळं नाही. असा आकडा बदलायला गेलात तर ते तिथेच थांबतं आणि ही किंमत बदलता येणार नाही असं बजावतं.

पण लोक काही पन्नास ओळींवर थांबले नाहीत. १९९१ मध्ये पर्ल ४ आलं, त्याच वर्षी उंटाच्या चित्राचं ते प्रसिद्ध पुस्तकही आलं, आणि मोठमोठे प्रोग्रॅम पर्लमध्ये व्हायला लागले. दोन ॲरे वेगवेगळे पाठवायची गरज रोजची झाली. तेव्हाचा उपाय होता टाइपग्लोब. हाक मारताना लिहायचं `&दुप्पट(*पगार);` आणि आत 'लोकल' करून `*यादी` ला ते द्यायचं. झालं, आता `@यादी` म्हणजेच `@पगार`.

चालायचं ते. पण तारा म्हणजे त्या नावाचं सगळं खानदान : ॲरे, हॅश, स्केलर, फाइलहँडल, सबरूटीन, सगळे एका झटक्यात. आपल्याला हवा फक्त ॲरे, पण त्याबरोबर `$यादी` म्हणजे गुपचूप `$पगार` झालेलं असायचं. वर 'लोकल'चा स्वभाव असा की तुम्ही आतून ज्या ज्या सबरूटीनला बोलवाल त्यांनाही ते बदललेलं नाव दिसणार. एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याच्याबरोबर अख्खी वरात यावी, तसला प्रकार.

खरा तोडगा ऑक्टोबर १९९४ मध्ये निघाला. पर्ल ५ मध्ये रेफरन्स आले. आता डब्यातलं अन्न न पाठवता डबा कुठे ठेवलाय याची चिठ्ठी पाठवता येऊ लागली. `फरक(\@काल, \@आज);` आणि आत `($काल, $आज) = @_;` एवढंच. चिठ्ठी हा एक स्केलर. त्यामुळे लिस्ट सपाट झाली तरी बिघडत नाही, आत दोनच गोष्टी जातात. मूळ ॲरे हवा तेव्हा `@$काल`. शिवाय चिठ्ठी ॲरेच्या आतही ठेवता येते, म्हणजे ॲरेमध्ये ॲरे, हॅशमध्ये ॲरे, सगळंच जमायला लागलं. 'माय' सुद्धा याच आवृत्तीतलं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पर्ल ५ ने नवीन दिलं, पण जुनं काढलं नाही. लोकांच्या हजारो स्क्रिप्ट जुन्या पद्धतीवर चालत होत्या. त्या मोडायच्या नाहीत म्हणून सपाट लिस्ट तशीच राहिली, `@_` तसाच राहिला, टाइपग्लोबसुद्धा राहिले. पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये ५.००२ आवृत्तीत प्रोटोटाइप आले. सबरूटीनपुढे `(\@\@)` लिहिलं की साध्या ॲरेचे रेफरन्स पर्ल स्वतःच करून घेतं. पण त्यातही मेख आहे. प्रोटोटाइप आधी दिसला पाहिजे, आणि `&` लावून बोलावलं किंवा मेथड म्हणून बोलावलं तर त्याला कुणी विचारत नाही.

म्हणजे वाडा तोच, फक्त दर पिढीने एक खोली वाढवली. जुनी खोली कुणी पाडली नाही, कारण तिथे कुणीतरी राहत होतं.

पाडून नवीन बांधायचाही प्रयत्न झाला. २००० साली पर्ल ६ ची घोषणा झाली, पहिली पक्की आवृत्ती यायला २०१५ चा डिसेंबर उजाडला. त्यात दोन ॲरे दिले तर दोनच पोचतात, मागितल्याशिवाय काही सपाट होत नाही. पण तोवर ती इतकी वेगळी भाषा झाली होती की २०१९ मध्ये तिचं नावच बदलून राकू केलं. जुन्या वाड्यातले लोक जुन्या वाड्यातच राहिले.

तिथे २०१४ च्या ५.२० मध्ये सिग्नेचर प्रयोग म्हणून आल्या आणि २०२२ च्या ५.३६ मध्ये कायम झाल्या. सिग्नेचरमध्ये एकच ॲरे चालतो, तोही शेवटीच. `(@काल, @आज)` असं लिहिलंत तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. माझी २००३ ची चूक भाषेने पहिल्यांदा तोंडावर सांगितली ती इथे. पण तेही तुम्ही सिग्नेचर वापरलीत तर. जुन्या पद्धतीने लिहिलंत तर ५.३६ सुद्धा एक शब्द बोलत नाही.

पूर्वी मला याचा राग यायचा, आता तितका येत नाही. जुनं काही मोडायचं नाही असं एकदा ठरवलं की चांगल्या स्क्रिप्टबरोबर चुकीच्याही जिवंत राहणार, हे आलंच.

त्या सकाळी टीम लीडने काय केलं ते सांगायचं राहिलंच. कीबोर्ड स्वतःकडे ओढला, दोन्ही ॲरेंच्या आधी एकेक तिरपी रेघ मारली, आतली `@` ची `$` चिन्हं केली आणि म्हणाला, "आता चालव." फाइलमध्ये फक्त तीन नावं आली. त्या दोन तिरप्या रेघा मारता याव्यात म्हणून पर्लला १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं लागली होती, हे मला त्या दिवशी कुठे ठाऊक होतं!

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी.