स्टॅग फील्ड : फुटबॉल गेल्यानंतरची जागा

शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड या स्टेडियमचे नाव आज खेळापेक्षा अणुविज्ञानाच्या इतिहासातच जास्त वाचायला मिळते. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली, ती याच स्टेडियमच्या पश्चिम स्टँडखालच्या रॅकेट्सच्या कोर्टात. युद्धाच्या घाईत जी जागा हाती लागली ती घेतली, एवढेच स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी मिळते. मला ते अपुरे वाटते. भर वस्तीतले एवढे मोठे स्टेडियम ऐन हंगामात मोकळे सापडले, यामागे विद्यापीठाने खेळाविषयी घेतलेले दोन परस्परविरोधी निर्णय होते.

पहिला निर्णय संस्थापक अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा. रॉकफेलरच्या पैशावर उभे राहिलेले हे विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झाले. हार्व्हर्ड-येलसारखी शतकांची पुण्याई गाठीशी नव्हती, तेव्हा नाव लवकर व्हायचे तर फुटबॉल हवा, हे हार्परनी ओळखले. (हा फुटबॉल अर्थातच अमेरिकी, चेंडू हातात घेऊन धावण्याचा.) येलमधला आपला जुना विद्यार्थी अमोस अलोन्झो स्टॅग याला त्यांनी नुसता प्रशिक्षक म्हणून आणले नाही, प्राध्यापकवर्गात जागा दिली. त्या काळी हे नवलच होते. जमीन दिली दुकानदारीतले बडे प्रस्थ मार्शल फील्ड यांनी, म्हणून मैदानाला आधी त्यांचे नाव होते. स्टॅगचे नाव नंतर आले. मैदान गावाबाहेर नव्हते, वर्ग आणि प्रयोगशाळांना लागून होते. १९०५ मध्ये सलग ५६ सामने न हरलेल्या मिशिगनला शिकागोने इथेच २-० असे हरवले. हार्परचा हिशेब बरोबर ठरला होता.

दुसरा निर्णय रॉबर्ट हचिन्स यांचा. वयाच्या तिसाव्या वर्षी अध्यक्ष झालेल्या या माणसाला फुटबॉलचा धंदा विद्यापीठाच्या कामात अडथळा वाटे. स्टॅगला सत्तरीच्या नियमावर बोट ठेवून १९३२ च्या हंगामानंतर निवृत्त करण्यात आले आणि डिसेंबर १९३९ मध्ये फुटबॉलच बंद झाला. यावर कोणी म्हणेल, यात तत्त्व कसले, संघ हरत होता म्हणून गाशा गुंडाळला. त्यात तथ्य आहे. त्याच हंगामात मिशिगनने ८५-० आणि हार्व्हर्डने ६१-० अशी धूळ चारली होती. पण हरणारी विद्यापीठे सहसा प्रशिक्षक बदलतात, खेळ बंद करत नाहीत. शिवाय शिकागोच्या जे बर्वँगरला पुढे हाइझमन म्हणून गाजलेला पुरस्कार सगळ्यांत आधी मिळाला, त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. पराभवाने हचिन्सना संधी दिली. इच्छा त्यांची आधीचीच होती.

आता खरा आक्षेप. अणुभट्टी शहराबाहेर आर्गोनच्या जंगलात बांधायची ठरली होती. तिथले बांधकाम मजुरांच्या वादामुळे रखडले म्हणून प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांनी स्टँडखालची जागा निवडली, तीही हचिन्सना न विचारता. आणि ते कोर्ट फुटबॉलचे नव्हतेच. मग खेळ बंद झाल्याने काय फरक पडला? फरक तारखांत दिसतो. रचना १६ नोव्हेंबरला सुरू झाली आणि रात्रंदिवस पाळ्या लावून दोन आठवड्यांत उभी राहिली. सुमारे साडेतीनशे टन ग्रॅफाइट आणि त्यात युरेनियम, एवढा माल तिथे वाहून नेला गेला. नोव्हेंबर म्हणजे फुटबॉलचा ऐन हंगाम. हजारोंची गर्दी ज्या स्टँडवर बसायची, त्याच्याच खाली असले गुप्त काम चालवायला कोण धजले असते? मजुरांच्या वादाने प्रयोग शहरात आणला हे खरे. पण शहरात त्याला झाकायला जागा मिळाली ती हचिन्समुळे, आणि ती जागा प्रयोगशाळांच्या शेजारी होती ती हार्परमुळे. दोघांपैकी कोणाच्याही मनात अणू नव्हता, हे मान्यच.

जुने स्टँड १९५७ मध्ये पाडले गेले आणि त्या आवारात १९७० मध्ये रेगेन्स्टाइन ग्रंथालय उघडले. फुटबॉल मात्र १९६९ मध्ये परतला. आजचे स्टॅग फील्ड जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर आहे आणि संघ तिसऱ्या श्रेणीत खेळतो, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही.